घरातल्या माणसांवर शॉर्टफिल्म किंवा डॉक्युमेंटरी करायची असेल तर (कोकणात गावी जाणाऱ्यांसाठी)

गणपती जवळ आले की कोणी ना कोणी विचारतंच, गावी चाललोय, आजीवर डॉक्युमेंटरी करायची आहे, कॅमेरा कुठला घेऊ? कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी हे ठरवा की फिल्म कोणाकोणाच्या मधली आहे. "कोकणातली आजी" हा विषय नाही, त्यात माड येतात, समुद्र येतो, ड्रोन येतो आणि आजी राहून जाते. पण काका मुंबईहून फोनवर घर विकूया म्हणतोय आणि इकडे आजी पावसाच्या आधी माणसं बोलावून कौलं शाकारून घेतेय, हा विषय आहे. दोन माणसं आणि त्यांच्यात न सुटलेली एक गोष्ट, एवढं एका वाक्यात सांगता आलं की मगच शूटिंगला लागा. कोकण वेगळं दाखवायची गरज नाही हो, ते त्या घरात आपोआप येतंच.

मग वेळ. गौरी-गणपतीत घर भरलेलं असतं, पहाटेपासून नैवेद्याची गडबड, रात्री भजनं, बायकांना टेकायला फुरसत नसते, तेव्हा मुलाखत मागूच नका. आरतीचे, पंगतीचे, पोरांच्या धावपळीचे शॉट घ्या आणि गप्प बसा. खरं बोलणं चाकरमानी परत गेल्यावर सुरू होतं, म्हणून आपलं परतीचं तिकीट दोन-चार दिवस पुढचं काढा (रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच काढलंत तर मिळेल). मच्छीमार घरावर करत असाल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, पुरुष घरी, जाळी दुरुस्त करायचं काम चालू. नवरा-बायको किंवा बाप-लेक इतके सलग दिवस एका छपराखाली तेव्हाच सापडतात.

कॅमेरा मोबाइलचा चालेल. फुल एचडी पुरे, फक्त सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकायची शक्यता असते. एक्स्पोजर (चित्र किती उजळ दिसेल ते) लॉक करा, फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर ऐन रडवेल्या क्षणी कोणाचा तरी कॉल येतो. माजघरात उजेड कमीच, तिथे मोठे लाइट लावून घराचं लग्नघर करू नका, माणसाला ओटीवर किंवा पडवीत दाराच्या बाजूला बसवा, एका बाजूने येणारा उजेड चेहऱ्याला छान बसतो. पावसाळ्यात लेन्स सारखी पुसायची, आणि कॅमेरा असेल तर बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या हव्यातच, दमट हवेत लेन्सला बुरशी धरते. वीज जाणार हे धरूनच पॉवर बँक घ्या.

पैसे खर्च करायचेच असतील तर आवाजावर करा. चित्र थोडं खराब असलं तरी लोक बघतात, बोलणं कळलं नाही तर बंद करतात. साधा कॉलर माइक घ्या, पण पदराखाली लपवू नका, कापड घासल्याचा खरखराट नंतर निघत नाही. बांगड्यांचाही आवाज येतो, पण बांगड्या काढा असं कुठल्याही बाईला सांगू नका, माइकची जागा बदला. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि फ्रिज बंद केलात की गाडीची चावी त्याच्या आत ठेवा, म्हणजे चालू केल्याशिवाय निघताच येणार नाही, आत मासे असतात. पत्र्यावर पाऊस पडत असेल तर थांबा, बोलणं ऐकूच येत नाही, कौलांवरचा चालून जातो. आणि निघण्याआधी कोणी न बोलता त्याच जागेचा एक मिनिट नुसता आवाज घ्या, एडिटला जोड झाकायला लागतो.

आता मुलाखत. समोर खुर्ची टाकून "तुम्हाला काय वाटतं" विचारलंत तर "काय वाटायचं, बरं चाललंय" एवढंच मिळेल. हाताला काम असू द्या, सोलं वाळत घालताना, तांदूळ निवडताना, जाळं शिवताना माणूस मोकळं बोलतं कारण त्याला तुमच्याकडे बघावं लागत नाही. प्रश्न वस्तूवरून आणि दिवसावरून विचारा. आजोबांची मनीऑर्डर आली की फॉर्मवरचे दोन शब्द तुम्हाला कोण वाचून दाखवायचं? लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी कधी गेलात, कोणी सोडलं? उत्तर संपलं असं वाटलं तरी लगेच पुढचा प्रश्न नको, मनात दहापर्यंत मोजा, बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या गॅपनंतरच येते. आणि भाषा सुधारू नका प्लीज. आई "माका काय नको, तू खंय जातंस थंय जा" म्हणाली तर तेच फिल्ममध्ये राहील, खाली सबटायटल द्या, पण तिला पुस्तकी मराठीत पुन्हा बोलायला लावलंत की तिची फिल्म गेली.

सगळ्यात महत्त्वाचं परवानगी. जमीन सामाईक, सातबाऱ्यावर दहा नावं, भावकीत कोर्टाच्या तारखा चालू, अशात आजी सहज बोललेलं एक वाक्य उद्या तिच्याच घरात वाद लावू शकतं. तुम्ही मुंबईला परत जाल, तिला तिथेच राहायचं आहे. म्हणून होकार दोनदा घ्या, शूटिंगच्या आधी कॅमेऱ्यावर आणि एडिट झाल्यावर फिल्म दाखवून. दाखवताना ती एकटी हवी, सगळा गोतावळा नको, नाहीतर लाजेखातर हो म्हणेल. ती म्हणाली हे काढ तर काढायचं, तो तुमचा बेस्ट सीन असला तरी, यात मला तडजोड मान्य नाही. ज्याच्याबद्दल बोललं गेलंय त्या दुसऱ्या माणसालाही बोलायची संधी द्या, नसेल बोलायचं तर फोनवरचा नकार त्याच्या परवानगीने ठेवा, तोही नात्याचाच भाग आहे.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन भरपूर आहे. फुटेजच्या दोन कॉपी दोन वेगळ्या घरांत ठेवा. मागे रेडिओवर सिनेमाचं गाणं वाजत असेल तर तो टेक बाजूला ठेवा, हक्कांची अडचण येते. गावच्या जाखडीचा (कोकणातला लोकनाच) किंवा भजनाचा आवाज वापरणार असाल तर मंडळाला विचारा, मानधन द्या, टायटलमध्ये नावं घाला.

लांबी पंधरा-वीस मिनिटं ठेवा, ऑस्करच्या नियमात शॉर्ट म्हणजे टायटल धरून ४० मिनिटांपर्यंत, पण घरच्या गोष्टीला एवढं सहसा लागत नाही. आणि घाईने यूट्यूबवर टाकू नका, काही फेस्टिव्हल आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. मुंबईचा मिफ (डॉक्युमेंटरी, शॉर्टफिल्म आणि अ‍ॅनिमेशनचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल) १९९० पासून दर दोन वर्षांनी होतो, तिरुवनंतपुरमला डॉक्युमेंटरी आणि शॉर्टफिल्मचा वेगळा फेस्टिव्हल २००८ पासून आहे, दोन्हीचे नियम साइटवर वाचून मगच एंट्री भरा. इंग्रजी सबटायटल लागतील, ते मालवणी किंवा तुमची बोली येणाऱ्याकडूनच करून घ्या आणि शेवटी घरातल्या कोणाला तरी शेजारी बसवून एकेक ओळ तपासा.