ध्वनिमुद्रणात आवाज का तुटतो : डेस्कटॉप संगणकातला उशीर शोधण्याची रीत

खंजिरी भजनाचे ध्वनिमुद्रण चालू असताना आवाज मध्येच तुटला, तर त्या वेळी तो बहुधा कोणाच्याच लक्षात येत नाही. खंजिरीची थाप मुळातच इतकी टोकदार असते, की चार-पाच मिलिसेकंदांची खाच तिच्या आड सहज लपते. मंडळी घरी गेल्यावर रात्री हेडफोन लावून ऐकायला बसावे, पेटीचा लांबवलेला सूर यावा आणि त्यात भातातल्या खड्यासारखा 'टक्' असा आवाज लागावा, तेव्हा झालेले नुकसान कळते. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी घराच्याच एका खोलीत मी असे मुद्रण करतो. आसपासच्या भजनी मंडळांनीही आता स्वतःचे संगणक घेतले असल्यामुळे 'भाऊ, आवाज तुटून रायला, नवीन कॉम्प्युटर घ्या लागते का?' असे विचारणारे फोन मला येत असतात. नवा संगणक बहुतेक वेळा घ्यावा लागत नाही. यंत्र कमजोर नसते. त्यातला एखादा ड्रायव्हर, म्हणजे एखादे उपकरण चालवणारी आज्ञावली (प्रोग्रॅम), वेळेवर बाजूला होत नाही, आणि तो कोणता हे शोधण्याआधीच लोक खर्च करून बसतात.

मोटार थांबत-थांबत चालत असेल आणि नळाची धार मात्र अखंड हवी असेल, तर मध्ये टाकी बांधावी लागते. संगणकात ध्वनीसाठी असलेली ही टाकी म्हणजे बफर होय. एका सेकंदाचा आवाज ४८,००० नमुन्यांत मोजला जात असेल आणि बफर २५६ नमुन्यांचा असेल, तर ती टाकी ५.३ मिलिसेकंदांत रिकामी होते. तेवढ्या वेळात प्रोसेसरने ती पुन्हा भरलीच पाहिजे, नाहीतर आवाजात खंड पडतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वापर १५ टक्के दिसतो म्हणून सर्व ठीक आहे, असे समजणे येथे चुकीचे ठरते, कारण तो आकडा सरासरीचा असतो आणि आपला प्रश्न एखाद्या क्षणाच्या उशिराचा असतो. हा उशीर बहुधा ड्रायव्हरमुळे होतो. नेटवर्क, ग्राफिक्स किंवा यूएसबी यांपैकी एखाद्या उपकरणाने प्रोसेसरला हाक मारली, की त्याचा ड्रायव्हर हातातले काम थांबवून आपले काम आधी करून घेतो, आणि प्रोसेसरच्या त्या गाभ्यावर चालणारी ध्वनीची आज्ञावली तोवर ताटकळत राहते. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा हाकेची पहिली दखल २५ मायक्रोसेकंदांत आणि त्यामागचे पुढे ढकललेले काम, ज्याला डीपीसी म्हणतात, १०० मायक्रोसेकंदांत संपले पाहिजे. एखादा उनाड ड्रायव्हर मात्र दोन-तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या वीस-तीस पट.

शोधाला लागण्याआधी दोष नक्की कोणत्या जातीचा आहे, हे ठरवावे. मुद्रित केलेली फाइल तीन वेळा वाजवून पाहावी. खंड दर वेळी त्याच ठिकाणी येत असेल, तर तो मुद्रणाच्या वेळीच पडलेला आहे. दर वेळी वेगळ्या ठिकाणी येत असेल, तर फाइल निर्दोष असून दोष फक्त वाजवण्यात आहे, आणि मंडळींना पुन्हा बोलावण्याची गरज नाही. सलग 'घूं' असा आवाज येत असेल, तर त्याचा ड्रायव्हरशी काही संबंध नाही. तो विजेचा आणि अर्थिंगचा प्रश्न आहे.

विजेच्या या प्रश्नावर थोडे थांबणे भाग आहे, कारण आपल्याकडे निम्मे लोक तेथेच फसतात. उन्हाळ्यात खोलीतला कूलर, त्याचा पाण्याचा पंप आणि संगणक एकाच बोर्डावर असतात; पंप सुरू होताच वायरमधून जो झटका येतो, तोही हेडफोनमध्ये 'टक्' असाच ऐकू येतो. काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये भेगा पडतात आणि पाणी न मिळालेला अर्थिंगचा खड्डा कोरडा पडून निकामी होतो. म्हणून आधी कूलर, फ्रिज आणि मोटार पूर्ण बंद करून दहा मिनिटांचे मुद्रण घ्यावे. तेवढ्याने टकटक थांबली, तर खड्ड्यात पाणी सोडावे, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे, संगणक आणि ध्वनीची सर्व उपकरणे एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावीत आणि कूलर दुसऱ्या लाइनवर टाकावा. 'घूं' जावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. ती कोणीही करू नये, कारण तीच पिन जीव वाचवते.

सर्व बंद करूनही आवाज तुटत असेल, तर दोष संगणकात आहे असे समजून एक वही घ्यावी आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम तीत लिहावा. पाच बदल एकदम केले आणि आवाज सुधारला, तर कोणत्या बदलाने सुधारला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटनंतर तोच दोष परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

बिनखर्चाचे काम पहिले. ऑडिओ इंटरफेसची, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणाऱ्या डब्याची, केबल कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या पोर्टमधून किंवा यूएसबी हबमधून काढून मागे, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये लावावी आणि केबल एकदा बदलून पाहावी. येथे माझी स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी पंधरा दिवस मी इंटरफेसलाच दोष देत होतो आणि उसनवारी करून दुसरा आणलाही होता. आवाज त्यावरही तुटला. गावात ब्रॉडबँड नसल्यामुळे मी मोबाइल यूएसबी केबलने संगणकाला जोडून त्यावरून इंटरनेट घेत असे, आणि तो मोबाइल इंटरफेसच्या शेजारच्याच पोर्टमध्ये दिवसभर लावलेला असे. असा जोडलेला मोबाइल विंडोजला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतो; त्याचा ड्रायव्हर सतत प्रोसेसरला हाका मारतो आणि यूएसबीचा मार्गही वापरतो. मोबाइल काढला आणि आवाज त्याच क्षणी साफ झाला. तेव्हापासून मुद्रणाच्या वेळी इंटरनेट बंद, हा माझ्या खोलीचा नियम आहे.

एवढ्याने भागले नाही, तर मोजमाप करावे. त्यासाठी रेझप्लेंडन्स या कंपनीची 'लेटन्सीमॉन' नावाची आज्ञावली सोयीची आहे. ती सुरू करून लगेच बंद करण्यात अर्थ नाही. रोजचे मुद्रण जसे चालते तसे चालू ठेवून ती किमान वीस मिनिटे पार्श्वभूमीत चालू द्यावी. शेवटी ती हिरव्या किंवा लाल अक्षरांत निकाल देते, पण त्या वाक्यावर विसंबण्यापेक्षा 'ड्रायव्हर्स' या पानावर जाऊन सर्वाधिक वेळ घेतलेल्या ड्रायव्हरनुसार यादी लावावी. एखाद्याचा सर्वाधिक वेळ एक मिलिसेकंदाच्या पुढे गेलेला असेल, तर संशयित सापडला.

मात्र यादीतले नाव आणि खरा गुन्हेगार एकच असतील असे नाही. 'एनडीआयएस' हे नाव वर आले, तर तो विंडोजचा नेटवर्कचा सामाईक पाया आहे. दोष त्यावर उभ्या असलेल्या वाय-फाय किंवा लॅन कार्डाच्या ड्रायव्हरचा असतो. 'डब्ल्यूडीएफ०१०००' हाही असाच सामाईक पाया असून त्याच्या आड बहुधा एखादे यूएसबी उपकरण दडलेले असते. 'डीएक्सजीकर्नल' वर दिसले, तर ग्राफिक्सकडे पाहावे, आणि 'एनव्हीएलडीडीएमकेएम' म्हणजे सरळच एनव्हीडियाच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. 'एसीपीआय' वर आले, तर विजेच्या व्यवस्थापनाची, म्हणजे बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ आज्ञावलीच्या) बाजूची, शंका घ्यावी. संशय पक्का करण्यासाठी डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते उपकरण तात्पुरते डिसेबल करून पुन्हा वीस मिनिटे मोजावे. वाय-फाय, ब्लूटूथ, वेबकॅम आणि मॉनिटरच्या एचडीएमआय केबलमधून जाणारा ग्राफिक्स कार्डाचा ऑडिओ ही चार उपकरणे मुद्रणाला लागत नसतील, तर ती डिसेबलच ठेवलेली बरी. ग्राफिक्स कार्ड मात्र डिसेबल ठेवून काम चालत नाही. त्याचा ड्रायव्हर बदलूनच पाहावा लागतो.

ड्रायव्हर बदलताना नवीन तेच चांगले असा हट्ट धरू नये. कालपर्यंत नीट चालणारा संगणक विंडोज अपडेटनंतर बिघडला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधल्या 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणाने जुना ड्रायव्हर परत आणावा. तालुक्याला जोडून घेतलेल्या संगणकांत एकाच पेन ड्राइव्हवरून सगळे ड्रायव्हर एका झटक्यात टाकणारा गठ्ठा वापरलेला असतो, आणि त्यातून जवळपासच्या पण चुकीच्या मॉडेलचे ड्रायव्हर बसतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. मदरबोर्डचे मॉडेल पाहून निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून एकेक ड्रायव्हर घेणे कंटाळवाणे असले, तरी त्याला पर्याय नाही. ऑडिओ इंटरफेसला निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ, म्हणजे आवाज कमी उशिराने नेणारा, ड्रायव्हर असेल, तर तोच वापरावा. 'एएसआयओ फॉर ऑल' हे सर्व दुखण्यांवरचे औषध म्हणून सुचवले जाते. ते विंडोजच्या मूळ ड्रायव्हरवर चढवलेले आवरण आहे आणि ज्याला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर नाही अशा साउंड कार्डापुरतेच उपयोगी आहे. ऑडॅसिटी ही मुद्रणाची आज्ञावली वापरणाऱ्यांनी ऑडिओ होस्ट म्हणून एमएमई या विंडोजच्या जुन्या ध्वनिमार्गाऐवजी वासापी हा नवा मार्ग निवडून पाहावा.

वीज वाचवणाऱ्या सोयींमुळेही उशीर होतो, कारण झोपलेल्या प्रोसेसरला आणि यूएसबी पोर्टला जागे व्हायला वेळ लागतो. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' निवडावे, प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' आणि पीसीआय एक्स्प्रेसचे 'लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट' बंद करावे. 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' १०० टक्के करावे, असाही सल्ला दिला जातो, आणि हिवाळ्यात तो मीही पाळतो. पण बाहेर पारा ४५ अंशांवर गेलेला असताना प्रोसेसरला विश्रांतीच न देणे अंगलट येते. फार तापलेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो आणि आवाज पुन्हा तुटू लागतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर, काम चालू असताना, दिसणारा वेग मूळ वेगाच्या बराच खाली राहत असेल, तर कॅबिनेट उघडावे. कापूस घरात साठवला जातो अशा गावांत हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू मिळून नमद्यासारखा थर बसतो. वरून पंखा फिरताना दिसतो, पण आत हवाच जात नाही. विजेची वायर काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून ब्रशने तो थर काढावा आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असेल, तर बदलावी. दरवर्षी वेचणी संपल्यावर एकदा हे काम केले, तर उन्हाळा सुखाचा जातो. बायोस अपडेट करण्याची वेळ आलीच, तर लाइन कधीही जाऊ शकते हे लक्षात ठेवून चालू स्थितीतल्या यूपीएसशिवाय त्याला हात लावू नये, कारण मध्येच वीज गेली तर मदरबोर्ड कायमचा मुका होऊ शकतो.

हार्ड डिस्कवर मात्र उगाच आळ घेतला जातो. ४८,००० नमुने, २४ बिट आणि दोन वाहिन्या या हिशेबाने मुद्रण सेकंदाला २,८८,००० बाइट, म्हणजे तासाला साधारण एक जीबी होते. एवढे लिहिणे जुन्या डिस्कलाही जड नाही. डिस्क खराब होत असेल किंवा अँटिव्हायरस त्याच वेळी तपासणीला निघाला असेल, तरच ती अडवते. मेमरी ४ जीबी असून ब्राउझर उघडा असेल, तर लेटन्सीमॉनमध्ये 'हार्ड पेजफॉल्ट'चा, म्हणजे मेमरीत नसलेली माहिती डिस्कवरून आणावी लागल्याचा, आकडा वाढतो. ब्राउझर बंद करावा.

साउंड सेटिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० आणि मुद्रणाच्या आज्ञावलीत ४८,००० असे नमुन्यांचे दोन वेगळे दर असतील, तर ते सारखे करावेत आणि 'ऑडिओ एनहान्समेंट्स' बंद करावीत.

आता बफर. तो शेवटी ठेवला आहे, कारण सुरुवातीलाच वाढवला तर दोष झाकला जातो आणि शोध तेथेच थांबतो. ४८,०००च्या दराने १२८ नमुने म्हणजे २.७, ५१२ म्हणजे १०.७ आणि १०२४ म्हणजे २१.३ मिलिसेकंद होतात. गायकाचा आवाज संगणकात जाऊन हेडफोनमध्ये परत येताना बफर जाताना आणि येताना असा दोनदा मोजला जातो, शिवाय इंटरफेसचा स्वतःचा थोडा वेळ वेगळा. तरीही या आकड्यांची फार धास्ती घेऊ नये. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर आणि साडेतीन मीटरवर बसलेल्या पेटीवाल्याचा सूर ऐकणे यात फरक नाही, आणि भजनाच्या बैठकीत एवढ्या अंतरावरून टाळ-खंजिरी रोजच जुळते. त्याच्या दुप्पट उशीर झाला, की मात्र खंजिरीवाला अडखळतो. त्यावरचा उपाय इंटरफेसवरच्या 'डायरेक्ट मॉनिटर' या बटणात आहे. ते चालू केले, की वादकाला स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट इंटरफेसमधूनच ऐकू येतो, उशीर जवळजवळ उरत नाही आणि मग बफर खुशाल १०२४ ठेवता येतो. अशा वेळी आज्ञावलीतला मॉनिटरिंगचा पर्याय बंद करावा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो. भजनाच्या मुद्रणासाठी मी कायम हीच मांडणी वापरतो. कमी बफरचा हट्ट, संगणकातूनच सिंथेसायझर वाजवणाऱ्यांनी धरावा.

मंडळी येण्याच्या आदल्या दिवशी खंजिरीवर चाचणी घेऊ नये, तिच्यात दोष लपतो. तानपुऱ्याचा सूर मोबाइलवर लावून माइकसमोर ठेवावा, अर्धा तास मुद्रण करावे आणि ती फाइल ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्रामच्या, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे स्वर दाखवणाऱ्या चित्राच्या, स्वरूपात उघडावी. सूर आडव्या रेघांसारखा दिसतो. जेथे आवाज तुटला असेल तेथे खालपासून वरपर्यंत एक बारीक उभी रेघ त्या आडव्या रेघांना छेदून जाते. अर्ध्या तासात एकही उभी रेघ नसेल, तर दुसऱ्या दिवशी पेटी खोलीत घेण्यास हरकत नाही.