चिमणीसाठी लाकडी घरटं : भोक सव्वा इंच, छप्पर ठाण्याच्या पावसाचं

बाल्कनीत टांगायला पहिलं घरटं मी विकतच आणलं होतं. चकचकीत प्लायवूड, लाल छप्पर, दारापुढे पक्ष्याला बसायला छोटी दांडी. जुलैत प्लायचे पापुद्रे सुटले आणि दांडीवर कावळा बसून आत डोकावू लागला. आत कोणी नव्हतंच, तेवढं बरं. ठाण्यात वर्षाला सरासरी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथे शोभेची पेटी टिकत नाही. टिकणारी पेटी सुट्टीच्या एका दिवसात घरी होते.

आधी भाडेकरू ठरवा. बुलबुल, शिंपी, शिंजीर पेटीत येत नाहीत. बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं करतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर फांदीला लोंबतं घरटं विणतो. तांबट वाळक्या फांदीत स्वतःच ढोली कोरतो. पेटी कामाची ती आयत्या ढोलीत राहणाऱ्यांना : चिमणी, दयाळ, साळुंकी. यातलं कोण येणार, हे भोकाचं माप ठरवतं. सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर ठेवलं तर चिमणी आरामात शिरते. साळुंकी आणि पारवा बाहेरच राहतात. दोन इंच केलंत तर दयाळाची आशा धरता येते, पण बहुधा साळुंकी आधी ताबा घेते. ही पेटी चिमणीची आहे.

लाकूड वखारीतून घ्या. सहा इंच रुंद, पाऊण इंच जाड आणि पाच फूट लांब अशी एक फळी पुरते. सागाचा तुकडा मिळाला तर उत्तम, नाहीतर पाइन चालतं. खोक्यांचं जुनं लाकूड वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का बघा : ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडीपासून सुरक्षित केलेलं, ते घ्या, ‘एमबी’ म्हणजे विषारी वायूची धुरी दिलेलं, ते नको. वखारीत माप सुतात सांगितलं की काम लवकर होतं. इंचाला आठ सूत. आपली फळी सहा सूत जाड आणि भोक दहा सुताचं. याखेरीज छपरासाठी दहा इंच लांब-रुंद मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा) तुकडा, न गंजणारे दीड इंची स्क्रू आणि सायकलची जुनी ट्यूब लागेल. ट्यूब कोपऱ्यावरचा पंक्चरवाला फुकट देतो.

आता कापणी. पाठीची फळी पंधरा इंच, पुढची नऊ, तळ साडेचार. दोन्ही बाजूंसाठी वीस इंचांचा एकच तुकडा काढा. त्याच्या एका कडेवर अकरा इंचांवर खूण करा, समोरच्या कडेवर त्याच टोकापासून नऊ इंचांवर. दोन खुणा जोडून तिरकी करवत चालवली की मागे अकरा, पुढे नऊ इंच उंचीच्या दोन सारख्या बाजू एका कापात मिळतात आणि छपराचा उतारही आपोआप येतो. करवतीआधी गुण्या (काटकोन मापायची पट्टी) लावून रेघा मारा. फळीचे दहा-अकरा इंच उरतात. पहिल्यांदा करत असाल तर ते उरणार नाहीत.

पुढच्या फळीवर वरच्या कडेपासून दोन इंच खाली, बरोबर मध्यावर भोकाचं केंद्र धरा. होलसॉ, म्हणजे ड्रिलला लावायची गोल करवत, नसेल तर कडेकडेने बारीक छिद्रं पाडून पटाशीने मधला भाग काढा आणि पॉलिश पेपरने काठ गुळगुळीत करा. भोकाच्या खालच्या काठापासून तळापर्यंत साडेपाच इंच खोली मिळते. ती कमी करू नका, मांजराचा पंजा तिथपर्यंत पोहोचता कामा नये. त्याच फळीच्या आतल्या अंगाला करवतीने आडव्या चऱ्या पाडा, पिल्लांना वर चढायला त्यांचाच आधार. बाहेर दांडी लावू नका. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला असते.

तळाला चार कोपऱ्यांत दोन-दोन सुताची छिद्रं पाडा, पाणी निघून जायला. बाजूंच्या वरच्या भागात तशीच दोन-दोन हवेसाठी. हवेची छिद्रं विसरलात तर मे महिन्यात पेटीची भट्टी होते.

जोडताना बाजू उभ्या करून तळ त्यांच्यामध्ये बसवा, मग मागून पाठ आणि पुढून पुढची फळी लावा. पाठ वर-खाली दोन-दोन इंच बाहेर राहू द्या, पेटी तिनेच अडकवायची आहे. फळीच्या टोकाशी स्क्रू थेट पिळला तर लाकूड तडकतं. आधी बारीक छिद्र पाडा. पुढच्या फळीची वरची कड रंध्याने उताराला जुळवून घ्या. छपराचा तुकडा पाठीला भिडवून ठेवा आणि सांध्यावर ट्यूबची पट्टी खिळ्यांनी ठोका. तीच बिजागरी, तोच पावसाला आडोसा. बाजूला एक कडी लावली की वाऱ्याने झाकण उघडत नाही. आतून काहीही लावू नका. बाहेरून जवसाच्या तेलाचा पातळ हात मारून आठवडाभर सावलीत वाळवा.

पेटी दिवाळीनंतर, निदान जानेवारीपर्यंत लावा, म्हणजे उन्हाळ्याआधी तेलाचा वास जातो आणि चिमण्यांची भीड चेपते. उंची किमान आठ-दहा फूट. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला; आपल्याकडचा झोडपणारा पाऊस नैऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेचं. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ किंवा पंख्याच्या रस्त्यात नको. सोसायटीच्या भिंतीला ड्रिल लावण्याआधी सेक्रेटरींना विचारा, नाहीतर पक्ष्यांआधी नोटीस येते. आणि परिसरात चिमण्या मुळातच आहेत का, ते पाहा. जुन्या ठाण्यात जांभळी नाक्याच्या धान्यबाजारासारख्या वस्तीत आशा जास्त. उंच टॉवरच्या सोळाव्या मजल्यावर फारशी नाही.

चिमणी पिल्लांना मुख्यतः अळ्या-किडे भरवते, म्हणून पेटीशेजारच्या कुंड्यांवर औषध फवारू नका. काड्या आत जाताना दिसल्या की झाकण उघडणं बंद. अंडी उबायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला आणखी तेवढेच लागतात.

पिल्लं गेली, ये-जा पूर्ण थांबली की जुनं घरटं काढून टाका, पेटीत उकळतं पाणी ओता आणि दोन दिवस उन्हात ठेवा. माझी पेटी सव्वा वर्ष रिकामी होती. पहिल्यांदा साफ केली तेव्हा आतून झाडूच्या काड्या, कबुतराचं पीस आणि आमच्याच पायपुसण्याचे निळे धागे निघाले.