कॉन्केलडरला पळवणं सोडलं आणि तो टिकायला लागला

कोथरूडला मित्राकडे दर रविवारी आमच्या पोकेमॉन बॅटल्स होतात आणि तिथे माझा कॉन्केलडर (फायटिंग टाइपचा, ताकदवान पण संथ पोकेमॉन) दोन महिने दुसऱ्या टर्नलाच गार व्हायचा. चूक माझीच, २५२ ईव्ही (स्टॅट्स वाढवायला वाटायचे पॉइंट्स) स्पीडमध्ये घातलेले. लेव्हल ५० ला त्याने स्पीड ६५ वरून ९७ होतो, आणि समोरचा गारचॉम्प स्पीडमध्ये एकही ईव्ही न घालता १२२ ला बसलेला असतो, मग काय उपयोग सांगा! शेवटी ते सगळे काढून एचपीत, म्हणजे त्याच्या जिवात टाकले, १८० चे २१२ झाले, अटॅकचे २५२ तसेच ठेवले, उरलेले ४ स्पेशल डिफेन्सला. हातात असॉल्ट व्हेस्ट दिलं, स्पेशल डिफेन्स दीडपट करणारी वस्तू, म्हणजे ८६ चा स्पेशल डिफेन्स थेट १२९, फक्त स्टेटस मूव्ह्ज (थेट डॅमेज न करणाऱ्या) वापरता येत नाहीत, पण ह्याला त्या लागतातच कुठे. ड्रेन पंच मारला की केलेल्या डॅमेजच्या निम्मा एचपी परत येतो, आणि थोड्या एचपीवर तग धरून असलेल्या फास्ट पोकेमॉनला माक पंच आधी बसतो. परवा तर बर्न झाला, पण गट्स ह्या त्याच्या अ‍ॅबिलिटीमुळे उलट अटॅक दीडपट, आणि अमृततुल्यवरून आणलेला चहा निवेपर्यंत पठ्ठ्याने एकट्याने दोघं लोळवले. फेअरी किंवा सायकिक टाइपचा समोर आला की मात्र, ते फायटिंगला भारी पडतात म्हणून, अजूनही लगेच स्विच करतो.