पाण्याच्या बाटलीसोबत पत्रक नको: सेवेतून साक्ष देताना या चुका टाळा

आपण ख्रिस्ती लोक सेवेतून साक्ष देतो, म्हणजे मदतीतून आपला विश्वास दाखवतो, तेव्हा सगळ्यात मोठी चूक म्हणजे मदतीला शेपूट जोडणं. पालखी पुण्यात मुक्कामी असताना वारकऱ्यांना पाणी द्यायला उभे राहिलात, तर पाणीच द्या. बाटलीसोबत पत्रक सरकवलं की तहानलेल्या माणसाला नाही म्हणायची सोय राहत नाही. शिवाय आपल्या शहराची स्मरणशक्ती दांडगी. १८९० साली पंचहौद मिशन या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) झालं आणि टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताची वेळ आली. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या शाळेतल्या मुलींना धर्मांतराकडे वळवलं जातं, असा आरोप झाला तेव्हा १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं काम पुढे केडगावला वाढलं, पण पुण्यातल्या अनेकांचा विश्वास उडाला होता. आपल्या साध्या डब्याकडेही लोक संशयाने का पाहतात, ते यातून कळावं.

ससून रुग्णालयात कुणासाठी डबा नेताय? आधी पथ्य विचारा, उपवास आहे का तेही विचारा. पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून एकदम मोठ्याने प्रार्थना सुरू करू नका. "तुमच्यासाठी प्रार्थना केली तर चालेल का?" एवढं पुरे. नको म्हणाले, तरी उद्याचा डबा ठरल्या वेळी पोहोचलाच पाहिजे. आणि औषधं थांबवा, असं तर चुकूनही सुचवू नका.

ग्रुपवर फोटो? नकोच. बायबलमधलं मत्तय ६:३ वाचा: उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये.

नाताळचा फराळ आपण सोसायटीभर वाटतो, पण स्वतःची अडचण शेजाऱ्यांना कधी सांगत नाही. हीसुद्धा चूकच. रात्री रिक्षा मिळत नसेल तर समोरच्या काकांना स्कूटरवर सोडायला सांगा. कायम देणाऱ्याच्या पाटावर बसणाऱ्याशी मैत्री होत नाही.

"इतकं केलं, तरी कुणी चर्चला आलं नाही," ही तक्रार उपासनेनंतर हमखास कानावर येते. लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. उरलेल्या नऊ जणांचा आजार परत आला, असं तिथे लिहिलेलं नाही.

याच्या उलट चूक संकोची लोकांची. "काकू, तुम्ही हे सगळं का करता?" असं कुणी सरळ विचारलं, की "असंच" म्हणून विषय टाळतात. १ पेत्र ३:१५ सांगतं, उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने. "येशूने माझ्यावर प्रेम केलं, म्हणून," असं साधं सांगा. पुढे विचारलं तर बोला, नाही तर खुशाल क्रिकेटवर या.