मंदीत लाभांशाचा टक्का बघून भुलू नका
400 रुपयांचा शेअर वर्षाला 16 रुपये लाभांश (कंपनी नफ्यातून भागधारकांना वाटते ती रक्कम) देतो, म्हणजे भावाच्या 4 टक्के. मंदीत भाव 200 वर आला की तोच टक्का 8 दिसतो. पण ते 16 रुपये मागच्या वर्षीचे, यंदा तेवढे मिळतीलच असं नाही! अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने मंदीतच, फेब्रुवारी 2009 मध्ये, तिमाही लाभांश 31 सेंटवरून थेट 10 वर आणायचं जाहीर केलं होतं. म्हणून मंदीत ज्यांचा धंदा जोरात आपटतो अशा पोलाद, सिमेंट, यंत्रांच्या कंपन्यांचे शेअर घेताना वार्षिक अहवालातलं कॅश फ्लोचं (रोकड कुठून आली, कुठे गेली याचं) पान आधी उघडा. धंद्यातून आलेल्या रोकडीतून यंत्रसामग्रीचा खर्च वजा करा. उरलेल्यात लाभांश आरामात बसतो का? कर्ज काढून वाटणारी कंपनी मी तरी घेत नाही, भाव कितीही पडलेला असो. आणि हो, एप्रिल 2020 पासून लाभांशावर आपल्याच स्लॅबप्रमाणे कर लागतो, तोही हिशेबात धरा.