अंगणातून टिपा मृगातला तेजोमेघ

तेजोमेघाचा, म्हणजे आकाशातल्या चमकत्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो काढायला दूर माळरानावरच जावं लागतं असं नाही. लातुरात आमच्या अंगणासमोर एलईडीचा दिवा रात्रभर लखलखतो, तरी मृगातला तेजोमेघ निघतो. जुना डीएसएलआर, १३५ मिमीची लेन्स, भक्कम ट्रायपॉड आणि छोटा स्टार ट्रॅकर एवढं हवं. तारे तासाला १५ अंश सरकतात. ट्रॅकर त्याच गतीनं कॅमेरा त्यांच्यामागं फिरवतो. तो नसेल तर या लेन्सवर तीन-चार सेकंदांतच ताऱ्यांच्या रेघा होतात.

आधी ध्रुव. बहुतेकांची रात्र इथंच जाते. ट्रॅकरचा आस ध्रुवाकडं रोखायचा असतो आणि ध्रुव तुमच्या अक्षांशाइतकाच वर असतो: लातुरात १८ अंश, छत्रपती संभाजीनगरात २०. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंशांची, म्हणजे लातुरात दोन मुठीसुद्धा नाही. युरोपातल्यांचे व्हिडिओ बघून मान वर कराल तर सापडायचा नाही. उत्तरेला ३० फूट उंच घर असेल तर त्याच्यापासून निदान ७५-८० फूट मागं सरकावं लागतं. एवढं अंगण कुणाचं असतं? सरळ गच्चीवर चढा. जानेवारीत संध्याकाळी सप्तर्षी उगवलेले नसतात, म्हणून शर्मिष्ठेवरून शोधा. ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. पोलर स्कोपच्या, म्हणजे ट्रॅकरवरच्या ध्रुव बघायच्या छोट्या दुर्बिणीच्या, वर्तुळात तो कुठं ठेवायचा ते मोबाइलवरचं ॲप दाखवतं.

ट्रॅकरवर उत्तर-दक्षिण गोलार्धाचं बटण असतं, तेही बघून घ्या. पहिल्या रात्री माझं ‘दक्षिण’वर राहिलं होतं. रेघा दुप्पट लांब आल्या आणि मी दोन तास लेन्सला शिव्या देत बसलो.

ध्रुव खाली, त्याची भरपाई मृग करतो. जानेवारीच्या मध्यात रात्री सव्वादहाच्या सुमारास हा तेजोमेघ दक्षिणेला ६६ अंशांवर येतो. लंडनकरांना जेमतेम निम्म्या उंचीवर मिळतो. शहराचा उजेड क्षितिजालगत दाट असतो, त्यामुळं ही उंची फार कामाची. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. शेजारी आधीच सांगून ठेवा: “काकू, बारापर्यंत तेवढा बाहेरचा दिवा बंद ठेवता का?” वीज गेली तर सोन्याहून पिवळं, ट्रॅकर सेलवर चालतो.

फोकससाठी व्याधावर लेन्स रोखा, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या पडद्यावरचं थेट चित्र) दहापट मोठा करा, ठिपका बारीकात बारीक झाला की रिंगला चिकटपट्टी लावा. मग लेन्स तेजोमेघाकडं वळवा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ८००, एफ (लेन्सचं छिद्र) २.८, एका फोटोला ३० सेकंद, फाइल रॉ (कॅमेऱ्याची मूळ, न दाबलेली). हिस्टोग्रामची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाची, टेकडी डावीकडून एक तृतीयांशावर हवी. पुढं गेली तर वेळ कमी करा. अशा १२० फ्रेम, म्हणजे सुटे फोटो, घ्या. चौपट फ्रेम घेऊन एकत्र केल्या की फोटोतली दाणेदार खरखर निम्मी होते, दुसरी जादू नाही. फ्रेम चालू असताना गच्चीवर येरझाऱ्या घालू नका, स्लॅब हलतो. पहाटेकडं लेन्सवर दव बघत राहा.

शेवटी झाकण लावून तेवढ्याच सेकंदांच्या वीसेक डार्क फ्रेम घ्या, म्हणजे कॅमेऱ्याची स्वतःची खरखर नंतर वजा करता येते. सिरिल हे मोफत सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम एकावर एक रचतं, शहराचा पिवळट थर काढतं. मग चित्र हळूहळू ताणा, म्हणजे अंधूक भाग उजळवा. गुलाबी पंख उलगडतात. मधले चार तारे पांढऱ्या डागात बुडाले असतील तर पुढच्या रात्री ५ सेकंदांच्या वीस फ्रेम वेगळ्या घ्या आणि फक्त मधोमध बसवा.