वेबसाइटवरचा विकतचा प्लेअर रजिस्ट्रेशन फाइलने अनलॉक कसा करावा

गाण्याच्या क्लासची रेकॉर्डिंग असोत की नाट्यमंडळाचे व्हिडिओ, साइटवर ती वाजवणारा विकतचा प्लेअर सहसा आधी ट्रायल म्हणून मिळतो. कोपऱ्यात कंपनीचा लोगो झळकतो, नाहीतर गाणं मध्येच थांबतं. पैसे भरले की विक्रेता लांबलचक ‘की’ (अक्षरं-आकड्यांचा कोड) तरी पाठवतो किंवा छोटी रजिस्ट्रेशन फाइल. ‘की’ असेल तर काम सोपं. जेडब्ल्यू प्लेअर हा असा एक प्लेअर स्वतःच्या सर्व्हरवर (साइट जिथे ठेवलेली असते त्या कॉम्प्युटरवर) ठेवणारे ती कोडमधल्या एका ओळीत चिकटवतात आणि मोकळे होतात. फाइलचं मात्र तसं नाही. पैसे भरूनही प्लेअर लॉकच राहिला, तर बहुतेक वेळा फाइल चांगलीच असते. ती सर्व्हरवर नीट पोहोचलेली नसते.

सुरुवात खरेदीच्या फॉर्मपासूनच करा. लायसन्स बहुधा डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नावावर निघतं, म्हणून ब्राउझरमध्ये दिसतो तोच पत्ता द्या. पुढे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला आणि नसलेला पत्ता काही प्लेअर वेगवेगळा धरतात. चाचणीसाठी वेगळा सबडोमेन (त्याच पत्त्याच्या पुढे आणखी एक शब्द जोडलेला पत्ता) असेल तर तोही चालेल का, ते आधीच विचारून घ्या. तुमचं डोमेन देवनागरीत, म्हणजे ‘डॉट भारत’वालं असेल, तर आणखी एक खबरदारी घ्या. ब्राउझर ते नाव आतून ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत बदलतो. प्लेअरला दिसतं ते हेच रूप, त्यामुळे लायसन्सही त्याच रूपावर मागा.

फाइल मेलवर झिप होऊन आली तर गोंधळू नका. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट रेग’ असेल, तर आउटलुक अशी अटॅचमेंट उघडू देत नाही, म्हणून विक्रेते ती झिप करून पाठवतात. झिप उघडल्यावर त्या फाइलवर डबल-क्लिक मात्र करायचं नाही. विंडोजला ती स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीत, भरायची फाइल वाटते आणि तो परवानगी मागतो. सरळ ‘नाही’ म्हणा. ती तुमच्या कॉम्प्युटरसाठी नाहीच, सर्व्हरसाठी आहे.

आत काय आहे हे बघायची हौस असेल तर नोटपॅडमध्ये बघा, पण सेव्ह न करता बंद करा. आतला मजकूर जुळवून तपासला जात असेल, तर एक जादा स्पेसही तो बाद करायला पुरते. नावाला हात लावू नका. ‘सेव्ह अॅज’ केलेल्या फाइलला मागे ‘डॉट टीएक्सटी’चं शेपूट चिकटू शकतं, आणि विंडोज एक्स्टेन्शन (नावातला टिंबानंतरचा शेवटचा भाग) लपवतो, त्यामुळे आपल्याला ते दिसतही नाही.

आता अपलोड. फाइल सहसा होमपेजजवळ नाही, तर प्लेअरची मुख्य फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे ठेवायची असते. विक्रेत्याने वेगळी जागा सांगितली असेल तर तीच खरी. सर्व्हरवर फाइली चढवायला फाइलझिला हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर ट्रान्सफर मेनूत जाऊन प्रकार ‘बायनरी’ करा, कारण ‘आस्की’ या साध्या मजकुराच्या पद्धतीत ओळींची टोकं बदलू शकतात. लिनक्स सर्व्हरला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी वाटतात, तेव्हा नाव जसंच्या तसं हवं. परमिशन, म्हणजे फाइल कुणी वाचायची आणि कुणी बदलायची याची सेटिंग, ६४४ पुरेशी आहे. कुणालाही फाइल बदलू देणारी ७७७ देऊन बघण्याचा मोह टाळा.

प्लेअर ती फाइल ब्राउझरमधून वाचणारा असेल, तर तिचा पूर्ण पत्ता टाकून बघा. ४०४ आलं तर जागा किंवा नाव चुकलंय, ४०३ आलं तर परवानगीची अडचण आहे. विंडोजचा आयआयएस सर्व्हर मात्र अनोळखी एक्स्टेन्शनची फाइल जागेवर असूनही ४०४ दाखवतो. तिथे त्या एक्स्टेन्शनचा माइम टाइप (फाइल कोणत्या प्रकारची आहे हे सांगणारी नोंद) नोंदवावा लागतो. पीएचपीसारखा सर्व्हरवरचा कोडच फाइल वाचत असेल, तर ही तपासणी लागू नाही.

फाइल उघडते, तरी लोगो जात नाही? कंट्रोल आणि एफ-५ एकत्र दाबा. साइटवर पानांच्या जुन्या प्रती साठवणारं कॅशे प्लगइन किंवा त्या ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारा सीडीएन असेल तर तोही रिकामा करा. तरीही तेच, तर एफ-१२ दाबून नेटवर्क टॅब उघडा, पान पुन्हा लोड करा आणि प्लेअर फाइल नेमकी कुठल्या पत्त्यावर शोधतोय ते बघा. त्याचा स्क्रीनशॉट विक्रेत्याला पाठवा. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या मेलपेक्षा उत्तर लवकर येतं. या टप्प्यावर कंटाळून फुकटचा ‘क्रॅक’ शोधायला जाल, तर त्यासोबत कुणाची तरी स्क्रिप्ट तुमच्या पाहुण्यांच्या ब्राउझरमध्ये चालू लागू शकते.

प्लेअर वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या प्लगइनमधून (जोडून घ्यायच्या भागातून) चालत असेल, तर मूळ फाइलची प्रत साइटच्या बाहेर जपून ठेवाच. अपडेट होताना वर्डप्रेस प्लगइनचं जुनं फोल्डर काढून नवं ठेवतं, आणि तुमची रजिस्ट्रेशन फाइल त्यात असेल तर तीही त्याबरोबर जाते. डोमेन बदलणार असाल, तर नवी फाइल आधी मागवा, मगच साइट हलवा.